देवी उजव्या हाताले

५ ऑक्टोबर १९८५. संध्याकाळ.

आजपासून रोज लिहायचं. एक दिवस खाडा नाही.

प्रौढ वर्गाच्या सिंधूताईनं आज सगळ्याइले वह्या वाटल्या. म्हणे, जसं बोलता तसंच लिहा, वर तारीख टाका. काय लिहिलं ते मी वाचणार नाही, तारीख आहे का तेवढं पाहीन. पोरगी माझ्याहून वीस वर्षांनी लहान अन् मले शिकवते. आवाज गोड आहे, अक्षर बरं आहे. भाकर थापता येत नसेल.

कोणी वाचणार नाही म्हणून खरं लिहिते. मी जयवंता. वय सेहेचाळीस. धरमपेठेतल्या चित्रबंगल्यात सोळा वर्षांपासून झाडू मारून राहिली. बंगला कोण्या मेलेल्या रावसाहेबाचा, आता कमिटीचा. आत एकच मोठा हॉल. भिंतीवर चारी बाजूनं तेरा चित्रं अन् मधात दगडाची देवी. रामटेककडे कोणाच्या तरी वावरात नांगराले लागली, तेव्हा तिचं नाक तुटलं. माझं माहेर तिकडचंच, म्हणून तिचं मीच पाहते. रोज एक फूल. बंगल्याच्या मॅनेजर साहेबाले दिसलं तं ओरडेल, म्हणून पायामागं ठेवते.

शंभरापर्यंत अंक आता मले लिहिता येतात, ओळखता येतात. वर्गात सगळ्यात आधी मलेच आले. बाकीच्या बाया अजून तेवीस अन् बत्तीसमध्ये चाचपडून राहिल्या.

ठरवलं: दिवाळीपर्यंत पूर्ण पेपर वाचायचा. कोणावर ओरडायचं नाही. चंद्रभान सोडून. तो दारावरचा चपराशी. त्याच्यावर ओरडलं नाही तं तो उठतच नाही.

८ ऑक्टोबर. दुपार.

दोन दिवस लिहिणं झालं नाही. दळण आणायचं होतं.

नवीन खूळ निघालं. कमिटीचे अध्यक्ष गोपाळराव, म्हणजे मेलेल्या रावसाहेबाचा नातू, यानं जपानहून सहा मशिना आणल्या. गळ्यात अडकवायचा टेप, कानाले लावायचा हेडफोन. एक बाई कानात चित्राची माहिती सांगणार. घंटी वाजली की बटन दाबायचं अन् पुढच्या नंबरच्या चित्रापाशी जायचं. डोळे असून माणसाले कानानं चित्र पाहायचं आहे. शिकलेल्या लोकाइचं असंच असते.

अन् ती कानातली बाई म्हणजे आमची सिंधूताई. तीच लिहिणार, तीच बोलणार. प्रौढ वर्ग डिसेंबरात बंद होणार, सरकारले आम्ही शिकल्यासारख्या वाटतो. टेप चांगला झाला तं जानेवारीपासून तिले इथंच गाईड म्हणून पक्की नोकरी. घरी आजारी बाप अन् दोन भाऊ, ती एकटी कमावणारी. नोकरी मिळाली पाहिजे तिले, मी नाही म्हणत नाही. पण कामही आलं पाहिजे.

आज वही घेऊन हॉलात फिरत होती. आत आली अन् सरळ उजव्या भिंतीकडे निघाली. म्हणजे देवी डाव्या हाताले. मी सांगितलं, ताई, देवाले असा उलटा फेरा घालतात का? तं हसून म्हणे, नंबरच तिकून सुरू होतात जयवंताबाई.

सात नंबरपाशी मले विचारते, या चित्रात तुम्हाले काय दिसते? चित्रात एक बाई तिवईवर उभी राहून सुपातून धान वाऱ्यावर सोडून राहिली. मी म्हटलं, दिसते काय, चित्र काढणाऱ्यानं जन्मात खळं पाहिलं नाही हे दिसते. बाईचा पदर मागं उडते, म्हणजे वारा समोरून. असं धान उपणलं तं सगळा भुसा तिच्याच डोळ्यात जाईल. वाऱ्याले पाठ द्यावं लागते. सिंधूताईनं ते लिहून घेतलं. शिकलेल्या माणसाले असं फुकटात सांगत बसू नये. पुढच्या वेळेपासून बंद.

१९ ऑक्टोबर. सकाळ.

दसरा आला. दरवर्षीसारखे चित्राखालचे पितळी नंबराचे बिल्ले घासायले काढले. चंद्रभान स्टुलावर चढून बिल्ले काढून देते, तेवढंच त्याचं वर्षाचं काम, मग स्टुलावरच बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटते. मी चिंच अन् राख लावून तेराच्या तेरा घासले. साहेबाच्या टकलाइतकी चमक नाही आली, पण जवळपास आली. आमचा मनोहरराव साहेब म्हणजे खुर्चीत ठेवलेलं ज्वारीचं पोतं. सोळा वर्षांत हॉलात सहादा आला असेल. त्यातले तीनदा पंखा चालू आहे का पाहायले.

दरवर्षी बिल्ले लावायचं काम चंद्रभानचं. या वर्षी मी म्हटलं, दे इकडे, मले अंक येतात. अन् एक मोठी चूक पकडली. एक नंबर दरवाज्याच्या उजव्या बाजूनं सुरू होत होता. म्हणजे नंबराप्रमाणं चालणारा प्रत्येक माणूस देवीले उलटा फेरा घालत होता. इतकी वर्षं. म्हणूनच या बंगल्याचं काही भलं होत नाही. मी एक नंबर डावीकडे लावला, दोन त्याच्या पुढं, असे गोल फिरत तेरा उजवीकडे. आता कसं, आत आलं की डाव्या बाजूनं निघायचं अन् देवी उजव्या हाताले.

एक अंक चुकला नाही. कोणाले सांगितलंही नाही. आपण काम करावं, ढोल पिटू नये.

१७ नोव्हेंबर. रविवार.

मधात लिहिणं झालं नाही. दसरा, मग दिवाळी, मग खोकला. उद्यापासून रोज.

आज मशिनाचं उद्घाटन झालं. गोपाळरावानं फीत कापली, भाषण केलं अन् फराळाच्या टेबलाकडे गेला. हॉलात कोणी पाय ठेवला नाही. साहेबानं सगळ्याइले सांगितलं की नागपूर आता जगाच्या बरोबरीनं आलं. चिवड्यात दाणे कमी होते.

सिंधूताई नव्हती. टेप तिनं दसऱ्याआधीच भरून दिला होता, आता बहिणीच्या बाळंतपणासाठी गोंदियाले गेली. आपल्याच कामाच्या दिवशी गैरहजर. माझे सोळा वर्षांत चार खाडे आहेत.

१९ नोव्हेंबर. दुपार.

आज जेवणाच्या सुट्टीत चंद्रभानकडून मशीन घेतली. तो म्हणे बिघडवशील. मी म्हटलं, तुझ्याकडे पाहून बिघडायची असती तं आधीच बिघडली असती.

सिंधूताईचं काम काय लिहावं.

एक नंबरपाशी उभी राहिली. चित्र मेलेल्या रावसाहेबाचं. फेटा, हातात काठी, अन् मिशा अशा की त्यावर कावळे बसावे. कानात सिंधूताई म्हणते, "हिच्या डोळ्यांत केवढं वात्सल्य आहे पाहा. अंगावर पांढरे ठिपके, आणि वासरू बिलगून उभं आहे." मले वाटलं ऐकण्यात चूक झाली. रिळ मागं घेतलं. पुन्हा वासरू.

दोन नंबर, आरशात पाहणारी राणी. सिंधूताई म्हणते, पाणी शांत आहे, काठावर शेवाळ साचलं आहे. राणी काळीसावळी आहे, पण एखादीले शेवाळ म्हणावं?

तीन नंबर, फळाची टोपली. सिंधूताई म्हणते, घनघोर लढाई, रक्ताचा सडा. डाळिंब फुटलं आहे एक. त्याले सडा म्हणतात काय?

सगळं असंच. पोरीनं चित्रं पाहिलीच नाहीत. घरी बसून मनानं लिहिलं. एवढी मोठी फसवणूक सोळा वर्षांत या बंगल्यात झाली नाही.

फक्त सात नंबर बरोबर. तिथं म्हणते, "चित्रकारानं बाईला वाऱ्याच्या समोर उभं केलं आहे. खरं तर असा सगळा भुसा तिच्याच डोळ्यांत जाईल." हे माझं! शब्द न् शब्द माझा! जे स्वतः लिहिलं ते सगळं चूक, अन् जे एक बरोबर ते चोरीचं. तिथंच बटन दाबलं. पुढं ऐकायची इच्छा राहिली नाही.

२० नोव्हेंबर.

शिकलेल्या लोकाइची कमाल आहे. आज मुद्दाम झाडू घेऊन मधात उभी राहिली अन् पाहिलं. चष्मेवाला एक प्रोफेसर अन् त्याची बायको. रावसाहेबाच्या मिशांसमोर उभे राहून दोघंही वात्सल्य ऐकून राहिले. बायकोनं मान हलवली. प्रोफेसर म्हणे, वा. मग फळाच्या टोपलीसमोर तो तिले सांगत होता की हे प्रतीक आहे. मी विचारलं, कायचं? तं मले म्हणे, तुम्हाले नाही समजणार.

म्हणजे पाहणारे आंधळे अन् सांगणारी खोटी. यात एकच माणूस असा आहे की ज्यानं ही तेरा चित्रं सोळा वर्षं रोज पाहिली, पुसली, कोणत्या चित्राच्या चौकटीले कुठं वाळवी लागली ते ज्याले माहीत आहे.

ठरवलं. टेप मी बोलणार.

सिंधूताईच्या पोटावर पाय द्यायचा माझा विचार नाही. तिनंच स्वतःच्या पोटावर दिला. मी फक्त बाजूले उभी आहे.

२४ नोव्हेंबर.

आवाजाची प्रॅक्टिस सुरू. सकाळी आल्याचा रस, जेवणानंतर जेष्ठमध. घरी तेराही चित्रांची माहिती मोठ्यानं बोलून पाहिली. आमचे हे, देवाजी, मिलमधून रिटायर झाल्यापासून दिवसभर बाजीवर पडून असतात. आज बाज उचलून अंगणात नेली. म्हणे, ऊन चांगलं आहे. ढगाळ होतं.

२७ नोव्हेंबर.

चंद्रभानले खर्रा देऊन मशिनीवर माझा आवाज भरून घेतला. मी रावसाहेबापासून सुरुवात केली. चांगलं दमदार बोलली: हे रावसाहेब, यांनी बंगला बांधला अन् मेले, मिशा खऱ्या आहेत, काचेले हात लावू नका, तुमचे बाप पुसत नाहीत.

मग त्यानं वाजवून दाखवलं. त्यातून कोण्या भांडखोर बुढीचा आवाज आला, जशी नळावर कोणाचा हंडा ढकलून राहिली. मी विचारलं, ही कोण? चंद्रभान म्हणे, तूच. मी असं बोलते? शक्यच नाही. जपानची मशीन, तिले आपल्याकडचा आवाज झेपत नाही. चंद्रभान अर्धा तास हसत होता. खर्रा वाया गेला.

जेष्ठमध दुप्पट केलं.

३० नोव्हेंबर.

आज शाळेची सहल आली. सहा पोट्ट्यांनी मशिना लावल्या, एक नंबरपाशी गेले अन् सहाचे सहा असे हसले की खाली बसले. रावसाहेबाकडे बोट दाखवून हंबरायले लागले. मास्तरानं कान पिळले, मग मास्तरानं स्वतः कानाले लावलं अन् तो भिंतीकडे तोंड करून हसला.

एवढ्या दिवसात चित्राकडे पाहणारे हेच पहिले. पोट्टे बरे. यांनी अजून जास्त शाळा केली नाही.

मी मास्तरले म्हटलं, वहीत तक्रार लिहा. त्यानं लिहिली. मी बाजूले उभी राहून वाचून घेतली. "ध्वनिफीत" हा शब्द अडला. बाकी सगळं आलं.

३ डिसेंबर.

तक्रार वाचून आज गोपाळराव स्वतः आला. पहिल्यांदा मशीन कानाले लावली. आजोबासमोर उभा राहिला, हात जोडले. मग त्याचं तोंड हळूहळू लाल झालं. बरोबर कुठं आलं असेल ते मले माहीत होतं. ठिपक्यांच्या पुढं सिंधूताई चार थानांचं अन् दुधाचं बोलते.

हेडफोन ओढून फेकला. साहेबाले इतकं बोलला, इतकं बोलला की पोतं उभं राहिलं. म्हणे, ही चूक नाही, ही टवाळी आहे, आमच्या घराण्याची. त्या बाईले चौदा तारखेच्या मीटिंगले बोलवा अन् सगळ्यांसमोर काढा. दुसरीकडेही कुठं कामाले लागणार नाही असं करतो. साहेब म्हणे, टेप तं चित्रांच्या टाइप केलेल्या लिस्टीबरोबर जुळते. गोपाळराव म्हणे, लिस्टीले मिशा आहेत का?

मी दाराआड होती. आतून बरं वाटलं. शेवटी न्याय होतोच. फक्त "दुसरीकडेही कुठं" हे जरा जास्त झालं. तिचा बाप पाच वर्षांपासून अंथरुणावर आहे. पण मी काय करू? मी थोडीच सांगितलं होतं मनानं लिहायले.

८ डिसेंबर. रविवार.

आज यांना बंगल्यात आणलं. म्हटलं, मी एवढी प्रॅक्टिस करते तं तुम्हाले हसायले होते, आता स्वतः ऐका अन् सांगा की कोण बरं बोलेल. सोळा वर्षांत पहिल्यांदा आले. देवीले नमस्कार केला. मी गळ्यात मशीन अडकवली अन् एक नंबरकडे बोट दाखवलं.

बटन दाबलं, तं हा माणूस इकडेतिकडे पाहते अन् सरळ उलट्या बाजूले, उजव्या भिंतीकडे निघून गेला. मी ओरडली, तिकडे तेरा नंबर आहे, एक इकडे आहे! कानात हेडफोन, कुठं ऐकू येते. पूर्ण उलटा फेरा घातला. एकेका चित्रापुढं इतका वेळ उभे की दोघाचौघांनी वळून पाहिलं. परत आले तेव्हा डोळे ओले.

म्हणे, "काहून वं, ही पोरगी तं सगळं बरोबर सांगते."

मी म्हटलं, "तुम्ही नंबर पाहिले काय?"

"मले कुठं येतात नंबर. ती गाय म्हणे, तं मी गायीपाशी गेलो. मग तळं म्हणे, बाजूलेच तळं. त्याच्या पुढं लढाई. सगळं लायनीत आहे. अन् शेवटी बुढ्याचं सांगते, त्यानं गावच्या पोरीइसाठी शाळा काढली होती. मी आपल्या पोरीच्या, गोपिकेच्या, शाळेची आठवण काढत होतो." मग म्हणे, "अन् तुझं नाव घेते ते तू सांगितलंच नाही."

मी म्हटलं, कायचं नाव.

"धान उपणणाऱ्या बाईपाशी. भुसा डोळ्यात जाईल म्हणते, अन् मग म्हणते, हे आम्हाला इथल्या जयवंताबाईंनी दाखवलं, त्यांची नजर चित्रकाराच्या पुढची आहे. तू ऐकलं नाही?"

मी त्याच्या आधी बटन दाबलं होतं.

मग मी स्वतः मशीन लावली अन् देवीले डाव्या हाताले ठेवून निघाली. गाय. तळं. लढाई. तेरा चित्रं, एकही चूक नाही. बिल्ले मात्र एकूणएक चूक, सात सोडून. सात मधातला, त्याले कोणत्याही बाजूनं मोजलं तरी तो सातच. हे आता कळलं.

बिल्ले घासून छान चमकून राहिले होते.

९ डिसेंबर. सकाळ.

घाबरायचं कारण नाही. आज सोमवार, बंगला बंद. उद्या सकाळी लवकर जायचं, स्टुल घ्यायचं, तेरा बिल्ले काढायचे अन् होते तसे लावायचे. दहा मिनिटांचं काम. चौदाले कमिटी येईल, ऐकेल, सगळं बरोबर. साहेबाले वाटेल मशीन आपोआप सुधरली. सिंधूताईची नोकरी पक्की. कोणाले काही सांगायची गरज नाही. सांगून कोणाचं भलं झालं आहे?

एकदम सोपं आहे. उगाच जीव खाल्ला.

१० डिसेंबर.

हॉलाले कुलूप. गोपाळरावानं स्वतःचं लावलं, किल्ली घरी नेली. मीटिंग होईपर्यंत कोणी आत जायचं नाही, पुरावा जशाचा तसा राहिला पाहिजे म्हणे. मी म्हटलं, झाडावं लागते. चंद्रभान म्हणे, चार दिवस कचरा बी पुरावा आहे.

खिडकीतून पाहिलं. देवी तशीच. फूल सुकलं.

१२ डिसेंबर.

विचार केला. चूक माझी आहे काय? मुळात नंबर उलटे लावले ते ज्यानं लावले त्याची चूक. देवी मधात ठेवायची अन् लोकाइले डावीकडून न्यायचं नाही, हे कोणत्या शास्त्रात आहे? मी धर्म पाहिला, त्यांनी भिंत पाहिली.

हे यांना समजावून सांगितलं. यांनी जेष्ठमधाची पुडी उचलून फळीवर ठेवली.

१३ डिसेंबर.

सिंधूताई आली गोंदियाहून. वर्गात आली, फळ्यावर काही लिहिलं नाही. म्हणे, गोपाळरावाचं पत्र आलं, आपली काय चूक झाली ते समजत नाही, हॉल उघडत नाहीत म्हणून पाहताही येत नाही. मग सगळ्याइच्या वह्यांमध्ये तारखा पाहिल्या. माझी पाहून म्हणे, जयवंताबाई, तुमच्या मधामधात सुटतात, पण तुम्ही सोडत नाही. पानं डोळ्यासमोर होती, एक ओळ वाचली नाही. बोटानं नुसत्या तारखा मोजल्या.

वाचली असती तं बरं झालं असतं. माझं बोलायचं काम वाचलं असतं.

उद्या सांगायचं ठरवलं. साध्या शब्दात, ताठ मानेनं. दोन मिनिटं. नोकरी गेली तं गेली.

१४ डिसेंबर. संध्याकाळ.

आज खाडा नको, म्हणून लिहिते.

अकरा वाजता कुलूप काढलं. कमिटीचे पाच जण, साहेब, सिंधूताई, दारापाशी चंद्रभान. गोपाळरावानं आजोबासमोर उभं राहून टेप मोठ्यानं लावला. वात्सल्य, ठिपके, चार थानं. सिंधूताईनं एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा बिल्ल्याकडे, मग पूर्ण हॉलाकडे. तिले समजलं. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात मी झाडू खाली ठेवला अन् म्हणाली, बिल्ले मी उलटे लावले. दसऱ्याले.

कोणी ऐकलंच नाही असं वाटलं. मग साहेब हसला. म्हणे, या बाईला अंक कुठे येतात, ही अंगठेबहाद्दर आहे, पगाराला अंगठा लावते. हे दरवर्षी चंद्रभान करतो. अन् वळून चंद्रभानले म्हणे, उद्यापासून येऊ नको. चंद्रभानच्या तोंडात खर्रा, बोलताही येईना. हात जोडून नुसता हूं हूं करून राहिला.

मी म्हटलं, मी सही करते आता. साहेब म्हणे, कुठे? खरंच होतं. पगाराच्या रजिस्टरावर अजून अंगठाच लावते, मागं लाइन असते अन् सगळे घाई करतात. मी म्हटलं, मले शंभरापर्यंत येतात. गोपाळराव म्हणे, चंद्रभानला वाचवायला बोलून राहिली ही.

सोळा वर्षं काम केलं अन् मी चूक केली यावरही कोणाचा विश्वास नाही.

मग थैलीतून वही काढली. म्हटलं, लिहून ठेवलं आहे, तारखेसहित. गोपाळराव म्हणे, कोणी लिहून दिलं? मी म्हटलं, मीच. म्हणे, मग वाचा.

एकोणीस ऑक्टोबर काढलं. बोट ठेवून वाचायले लागली. दसरा आला. बिल्ले काढले. चंद्रभानचा खर्रा आला, तो खाली पाहायले लागला. पुढची ओळ दिसली अन् मी थांबली. म्हटलं, इथून थोडं सोडते, कामाचं नाही. गोपाळराव म्हणे, काही सोडायचं नाही, नाहीतर मला कसं समजेल की तुम्हाला वाचता येतं.

वाचलं. "साहेबाच्या ट... टकलाइतकी चमक नाही आली, पण जवळपास आली."

हॉलात देवीही ऐकून राहिली असं वाटलं. गोपाळराव म्हणे, पुढे. पोतं वाचलं. ज्वारीचं. पंखा वाचला. मग कुठं ते डावीकडे एक नंबर अन् देवी उजव्या हाताले. शेवटी "आपण काम करावं, ढोल पिटू नये" हेही वाचावं लागलं. "ढोल"वर अडखळली, तं सिंधूताईनं मागून हळूच सांगितलं. ती रडून राहिली की हसून, मागं वळून पाहायची हिंमत झाली नाही.

गोपाळरावानं मशीन गळ्यात घातली, एकटाच गायीपासून निघाला. देवीले डाव्या हाताले ठेवून. आम्ही सगळे उभे. आजोबापाशी पोचला, शाळेचं ऐकलं, चष्मा काढून पुसला. सिंधूताईले म्हणे, एक जानेवारीपासून या. चंद्रभानले म्हणे, आधी थुंकून ये. मले काही म्हटलं नाही. साहेबाकडे त्यानं पाहिलं नाही, पण खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला.

बाहेर सिंधूताईनं वही मागितली. मी दिली. तिनं मिटलेल्याच वहीवरून हात फिरवला अन् परत दिली.

"तारीख बरोबर होती," म्हणे.

१ जानेवारी १९८६.

मधात लिहिलं नाही. कारण काही नव्हतं.

आज पगारावर सही केली. लाइन थांबली. थांबू दे. साहेब आजकाल टोपी घालून बसते, थंडी आहे म्हणते. पंखा सुरू असते.

बिल्ले आता खिळ्यानं पक्के ठोकले, पहिल्यासारखे, उजवीकडून. ते घासायचं काम माझ्याकडून काढून चंद्रभानले दिलं. त्याच्यानं काही होत नाही. वर्षाच्या आत तेराही काळे पडतील.

सिंधूताई आजपासून कामाले लागली. लोकाइले उलटाच फेरा घालायले लावते. मी काही म्हणत नाही. मी झाडते तेव्हा देवी उजव्या हातालेच ठेवते, झाडूले नंबर नसतात. जेवणाच्या सुट्टीत टेप लावून झाडते. तो एकापासून जाते, मी तेराकडून येते, सगळं चूक ऐकू येते. फक्त सातवर आमची दोघींची गाठ पडते. तिथं झाडू थांबवते.

आता बटन लवकर दाबत नाही.